पूर देव पाठवत नाही : भीमा-सीनेच्या पुराचा इतिहास आणि गावकुसाबाहेरची माणसे

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील गावे पाण्याखाली घातली. लांबोटीजवळ पाणी चढल्याने सोलापूर-पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. ज्या नदीच्या पात्रात उन्हाळ्यात पोरे क्रिकेट खेळतात, त्या नदीने उभा ऊस आडवा केला, जनावरे वाहून नेली, पिढ्यांनी साठवलेली काळी माती खरवडून नेली. त्या दिवसांत दोन वाक्ये सगळीकडे ऐकू येत होती. पहिले, "असा पूर आम्ही जन्मात बघितला नाही." दुसरे, "निसर्गाचा कोप झाला, त्याला कोण काय करणार?"

पहिले वाक्य खरे आहे, पण ते माणसाच्या आठवणीपुरते खरे आहे. नदीचे वय माणसाच्या आठवणीपेक्षा फार मोठे असते. दुसरे वाक्य मात्र खोटे आहे आणि सोयीचेही आहे. कोप म्हटले की कारण शोधावे लागत नाही. कारण शोधले नाही की कोणाला जाब विचारावा लागत नाही. तथागतांनी आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. दुःख आहे, तर त्याला कारण आहे, आणि कारण आहे तर त्यावर उपायही आहे. मग पुरालाच कारण नाही असे आपण कसे मानायचे?

एका जिल्ह्यात दोन प्रकारचे पूर

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत आहे. इथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा सप्टेंबरचा असतो. तरीही इथे पूर येतो, आणि तो दोन वेगळ्या वाटांनी येतो. हा फरक समजला नाही तर पुढची सगळी चर्चा चुकते.

पहिला पूर परका. भीमा उगम पावते भीमाशंकरला, सह्याद्रीच्या माथ्यावर. जुलै-ऑगस्टमध्ये नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला धडकतात, तिथे धो धो पाऊस पडतो आणि ते पाणी इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्यांतून भीमेत येते. पुण्याच्या वरची धरणे भरली की पाणी उजनीत उतरते. उजनी भरली की दरवाजे उघडतात. नीरा नदी मात्र उजनीच्या खाली, नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते. म्हणजे वीर धरणातून सोडलेले पाणी उजनीत अडत नाही. उजनी आणि वीर या दोन्हींचा विसर्ग एकाच वेळी आला की पंढरपूरच्या वाळवंटातील मंदिरे बुडतात. सोलापूरच्या आकाशात तेव्हा एक ढग नसला तरी चालते.

दुसरा पूर घरचा. सीना अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावते, बीड-धाराशिवच्या कडेने आपल्या जिल्ह्यात येते आणि हत्तरसंग-कुडल इथे भीमेला मिळते. तिचे जवळजवळ सगळे खोरे कमी पावसाचे आहे. या नदीला, तसेच भोगावती, बोरी, हरणा या नद्यांना पूर येतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकतात तेव्हा. ऑक्टोबर २०२० चे उदाहरण घ्या. उपसागरातील पट्टा १३ ऑक्टोबरला आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाड्याजवळ चढला, हैदराबादला बुडवून उत्तर कर्नाटक आणि सोलापूरवरून थेट अरबी समुद्राकडे गेला. त्या एक-दोन दिवसांत जिल्ह्यातील ओढे-नाले नद्यांसारखे वाहिले आणि पंढरपूरच्या कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. २०२५ चा सीनेचा पूरही याच घरच्या जातीचा.

पहिल्या पुराची निदान पूर्वसूचना मिळते, कारण पाणी धरणाधरणांतून येते आणि विसर्गाचे आकडे जाहीर होतात. दुसरा पूर मात्र काही तासांत दारात उभा राहतो. सोलापूरची पूरव्यवस्था आजवर पहिल्या पुराकडे बघत राहिली आहे.

नदीची वही

हवामानाच्या नोंदी ठेवणारे सरकारी खाते आपल्याकडे १८७५ साली सुरू झाले. त्याआधीच्या पुरांचे काय? तेव्हाची वही नदीने स्वतः लिहिली आहे. मोठा पूर येतो तेव्हा पाणी पात्राच्या कपारींत, उपनद्यांच्या तोंडाशी चढून काही काळ संथ थांबते आणि तिथे बारीक वाळू-गाळाचा थर सोडून जाते. पुढचा तेवढाच मोठा पूर त्यावर दुसरा थर चढवतो. असे थर मोजून आणि त्यांचे वय काढून शेकडो, हजारो वर्षांपूर्वीचे महापूर ओळखता येतात. पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा, तापी अशा नद्यांवर हे काम केले. अशा अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली : महापूर काळाच्या पट्टीवर समान अंतराने येत नाहीत. ते गटागटाने येतात. काही दशके नदी शांत असते, काही दशके ती पुन्हा पुन्हा उसळते, आणि हे मोसमी पावसाच्या चढउताराशी जोडलेले असते.

दख्खनचा लिखित इतिहास मात्र पुरापेक्षा दुष्काळाने भरलेला आहे. दुर्गादेवीचा दुष्काळ लोककथेत राहिला. १८७६-७८ चा दुष्काळ सरकारी दप्तरात राहिला. १८९९-१९०० मध्ये छप्पन्नचा दुष्काळ पडला. १९७२ चा दुष्काळ आपल्या आजी-आजोबांच्या अंगावर राहिला. १८७७, १८९९, १९७२, २०१५, २०२३ या सगळ्या वर्षांत प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापलेले होते. त्यालाच एल निनो म्हणतात. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवले की आपला मान्सून हजारो मैलांवरील हवेच्या दाबाशी बांधलेला आहे. एल निनो आला की दुष्काळ पडतोच असे नाही. १९९७ साली जबर एल निनो असूनही देशाचा पाऊस सरासरीच्या जवळ राहिला. पण शक्यता वाढते. उलट ला निनाच्या काळात चांगल्या पावसाची शक्यता वाढते, आणि २०२० हे तसेच वर्ष होते.

म्हणजे सांगोल्याच्या शेतमजुराची चूल पेटणार की नाही, याचा एक धागा पेरूच्या किनाऱ्यापर्यंत जातो. पण एकच धागा. दुसरा धागा इथल्या समाजव्यवस्थेत आहे. १८७६-७८ मध्ये पाऊस गेला हे खरे, पण माणसे केवळ पावसाअभावी मेली नाहीत. सोलापूरला रेल्वे १८६० सालीच आली होती. धान्य आणणारी गाडी धान्य नेऊही शकत होती, आणि ज्याच्या हातात पैसा नव्हता त्याच्यासाठी ती येऊनही उपयोग नव्हता. दुष्काळी कामांवर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीत एवढी कपात केली की मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. आकाश सगळ्यांसाठी सारखेच कोरडे होते. मेले ते भूमिहीन, बलुतेदार, अस्पृश्य.

आता काय बदलले?

"पूर पूर्वीही येत होते, मग हवामान बदलाचा बाऊ कशाला?" असे काही जण विचारतात. उत्तर साध्या भौतिकशास्त्रात आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. समुद्र तापला की बाष्पाचा पुरवठाही वाढतो. मग पाऊस कमी दिवसांत, पण एकदम कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. एकूण पाऊस तितका वाढला नाही. त्याची चाल बदलली. वर्षभराची सरासरी बघणाऱ्याला हा बदल दिसतच नाही.

सोलापूरकराने तो डोळ्यांनी बघितला आहे. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पाणी त्या रेषेखाली गेले की आपण म्हणतो, "उजनी मायनसमध्ये गेली." २०१९ च्या उन्हाळ्यात उजनी खोल मायनसमध्ये होती. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ती भरली आणि भीमेला पूर आला, तेव्हा सांगोला-मंगळवेढ्याकडे जनावरे अजून चारा छावण्यांत उभी होती. एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात, पूर आणि दुष्काळ! २०२४ मध्ये पुन्हा तेच. जूनमध्ये उणे साठ टक्क्यांच्या आसपास, ऑगस्टमध्ये भरलेली. २०२५ मध्ये मान्सून मे महिन्यातच राज्यात शिरला आणि सप्टेंबरमध्ये सीना फुटली.

याचा धरणावरही परिणाम होतो. दुष्काळाच्या भीतीने धरण लवकरात लवकर भरून ठेवावे असे सगळ्यांना वाटते, उसाच्या जिल्ह्यात तर जास्तच. पण धरण भरलेले असताना वरून मोठे पाणी आले तर ते साठवायला जागाच नसते. पाणी साठवणे आणि पूर अडवणे ही दोन कामे एकाच भिंतीकडून करून घ्यायची असतील तर कधी किती जागा मोकळी ठेवायची हा निर्णय घ्यावा लागतो. हा निर्णय अभियंत्याच्या टेबलावर होतो असे दिसते, पण त्याच्या मागे कोणाचा दाब असतो हे जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे काय?

नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. लोकांना वाटते की एकदा आला, आता शंभर वर्षे चिंता नाही. हा मोठा गैरसमज आहे. त्याचा अर्थ असा की दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता १ टक्का असते, मागच्या वर्षी येऊन गेला असला तरीही. तीस वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. निळ्या रेषेवरील घराचा हिशेब तर आणखी भयंकर आहे. तिथे तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाच्या दारात पूर येण्याची शक्यता ७० टक्के आहे.

आणि हे सगळे गणित एका गृहीतकावर उभे आहे : उद्याचा पाऊस कालच्या पावसासारखाच असेल. तेच गृहीतक आता मोडले आहे. जुन्या आकड्यांवर आखलेली रेषा म्हणजे जुन्या नदीची रेषा. म्हणूनच नदीची जुनी वही वाचणे आणि नवे आकडे जोडणे, दोन्ही करावे लागेल.

रेषेच्या आत कोण राहते?

बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात एक प्रश्न विचारला : अस्पृश्य गावाबाहेर का राहतात? त्यांचे उत्तर आपल्याला माहीत आहे. आपण त्याला आजचा जोडप्रश्न विचारला पाहिजे : गावाबाहेर म्हणजे नेमके कुठे? आपल्या भागातील कितीतरी गावांत गावठाण उंचवट्यावर, पांढरीत असते आणि महारवाडा, मांगवाडा ओढ्याच्या बाजूला, उतारावर असतो. शहरातही तोच नकाशा. नाल्याची कड, रेल्वेची कड, नदीची कड. पंढरपूरची व्यासनारायण झोपडपट्टी बघा. भीमा चढली की पहिले स्थलांतर तिथूनच करावे लागते.

"पुराला जात नसते," असे वाक्य लगेच तोंडावर फेकले जाते. पाण्याला जात नसते, मान्य. सीनेने बागायतदाराचा ऊस सोडला नाही हेही मान्य. त्याचे नुकसान खरे आहे आणि त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. पण पाणी ओसरल्यावर काय होते ते बघा. पंचनामा सातबाऱ्यावर होतो. मदत हेक्टरी मोजली जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यातही सगळी चर्चा हेक्टरी किती यावरच झाली. ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, त्याचे काय? शेत वाहून गेले तेव्हा त्या शेतातील खुरपणी, काढणी, तोडणी हेही वाहून गेले. मालकाचे पीक बुडाले, मजुराचा हंगाम बुडाला. बुडालेल्या पिकाचा पंचनामा होतो, बुडालेल्या मजुरीचा होत नाही.

मदतीचे काम करताना वस्त्यांमध्ये फिरलो की बाया हेच सांगतात. घर गायरानात, नोंद नाही, म्हणून पडझडीच्या यादीत नाव नाही. कागदपत्रे ओली झाली, म्हणून रेशनला अडचण. शेळ्या वाहून गेल्या, पण पुरावा काय? भाड्याने कसणाऱ्या, बटईने करणाऱ्या माणसाचे नाव तर कुठेच नसते. मदत मालकाच्या खात्यात, नुकसान कसणाऱ्याच्या अंगावर.

हा केवळ आपल्या जिल्ह्याचा अनुभव नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलित कुटुंबांना छावण्यांत आणि मदतवाटपात कसे वेगळे काढले गेले, हे मानवी हक्क संघटनांनी नोंदवून ठेवले आहे. आपत्ती जात मोडत नाही. आपत्तीत जात अधिक उघडी पडते.

फुले आणि बाबासाहेब पाण्याकडे कसे बघत होते?

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८७६-७८ च्या दुष्काळाचे वण ताजे असताना. त्यात त्यांनी सुचवले की सरकारने लष्कर-पोलिसांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल आणि माती वाहून जाणार नाही. नदीनाल्यांचा गाळ शेतकऱ्यांना मोफत नेऊ द्यावा असेही ते म्हणाले. आज 'पाणलोट विकास' नावाने जे शिकवले जाते त्याचा गाभा इथे आहे. माथ्यावर मुरलेले पाणी पायथ्याला पूर बनून येत नाही, हे त्यात अंतर्भूत आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुराने कलकत्त्याचे दळणवळण तोडले. त्यानंतर ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात दामोदर प्रकल्पाची परिषद झाली, त्याच वर्षी केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला आणि ८ नोव्हेंबर १९४५ ला कटक येथे ओरिसाच्या नद्यांवर परिषद झाली. कटकला बाबासाहेबांनी जुन्या पूर समित्यांच्या विचाराची दिशाच चुकीची ठरवली. त्या समित्यांना वाटत होते की जास्तीचे पाणी म्हणजे संकट, ते लवकर समुद्रात घालवावे. बाबासाहेबांचे म्हणणे होते की या देशात माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा अभावाचा त्रास जास्त होतो, म्हणून पाणी साठवा आणि त्यातून सिंचन, वीज, वाहतूक सगळे साधा. संपूर्ण खोरे हे एकच एकक धरा. पूर आणि दुष्काळ ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हे सोलापूरच्या माणसाला २०१९ मध्ये दिसले. बाबासाहेबांनी ते १९४५ मध्ये मांडले होते.

इथे भक्तिभाव नको, विचार हवा. मोठ्या धरणांच्या मार्गाने दामोदर खोऱ्यात पुढे हजारो आदिवासी विस्थापित झाले. उजनीनेही गावे बुडवली. म्हणून धरणाचे नाव घेऊन बाबासाहेबांचा फोटो लावणे हा त्यांचा वारसा होत नाही. खोऱ्याचा एकत्रित विचार आणि त्याचा लाभ शेवटच्या माणसाला, हा तो वारसा. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर आपल्याच आयाबायांनी पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते केले. माती वाहिली आपल्या हातांनी, पाणी मुरले दुसऱ्याच्या विहिरीत. हा हिशेब राहिलाच आहे.

महाडचा सत्याग्रह पाण्याच्या हक्कासाठी होता. आजच्या काळात पाण्याच्या हक्काला दुसरी बाजू जोडली पाहिजे : पाण्यापासून सुरक्षित राहण्याचा हक्क.

आपण काय मागायचे?

पहिले, भूमिहीन मजुराच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा. रोजगार हमीचे जॉबकार्ड, ई-श्रम नोंदणी यांच्या आधारे ठरावीक दिवसांची मजुरी भरपाई म्हणून द्या. दुसरे, बटईदाराची ग्रामसभेत नोंद आणि त्याला मदतीत वाटा. तिसरे, सीना, भोगावती, बोरी यांच्या पूररेषा नव्या पावसाच्या आकड्यांवर पुन्हा आखा आणि नकाशे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. चौथे, रेषेच्या आत राहणाऱ्या वस्त्यांना बुलडोझर लावू नका. गावठाणाजवळच, उंचावर, मालकीच्या कागदासह जागा द्या. रेषेच्या आतील झोपडी 'अतिक्रमण' आणि रेषेच्या आतील मंगल कार्यालय 'विकास', हा दुटप्पीपणा चालणार नाही. पाचवे, उजनी आणि वीरच्या विसर्गाचे वेळापत्रक ठरवताना खालच्या वस्त्यांचे प्रतिनिधी असावेत, आणि सीनेच्या वरच्या भागातील पावसाची सूचना काही तास आधी वस्तीतल्या भोंग्यावर मिळावी.

हे काम मोर्चाने सुरू होणार नाही, ते वहीने सुरू होईल. प्रत्येक शाखेने, प्रत्येक विहाराने आपल्या गावाची पूरवही करावी. पाणी कुठल्या साली कुठल्या पायरीपर्यंत आले, कोणाची घरे गेली, कोणाला मदत मिळाली, कोणाला नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारा, तारखा लिहा, भिंतीवर खूण करा. नदी गाळाच्या थरात नोंद ठेवते, सरकार सातबाऱ्यावर ठेवते. आपली नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल, कारण पुढच्या पंचनाम्याला कोणी "पुरावा काय?" विचारले तर ती वही पुढे करता आली पाहिजे.

जयभीम!